भिंतीचा चार्जर आणि मिनी यूएसबीची चौथी पिन

चिपळूणहून एका निवृत्त शिक्षकांनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘२०११ साली मुलाने न्यू जर्सीहून येताना गाडीत लावायचा गार्मिन नुव्ही नेव्हिगेटर आणला. पुढे त्यात भारताचा नकाशा घालून घेतला. कुंभार्ली घाटातून कराडकडे जाताना मोबाईलची रेंज जाते, तेव्हा मला आजही याच यंत्राचा आधार वाटतो. त्याच्यासोबत गाडीच्या लायटर सॉकेटात बसणारी वायर मिळाली होती, घरी लावायचा चार्जर मात्र नव्हता. आता बॅटरी अर्धा ताससुद्धा टिकत नाही. आदल्या रात्री टेबलाशी बसून रस्ता आखायला घेतला की यंत्र मध्येच बंद पडते. मोबाईलच्या २ अँपिअरच्या चार्जरला मिनी यूएसबीची वायर लावून पाहिली, तर पडद्यावर संगणकाचे चित्र येते आणि नकाशा नाहीसा होतो. एका दुकानदाराचे म्हणणे असे, की गाडीत १२ व्होल्ट असतात, तेव्हा राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, मी त्याची पिन बदलून देतो. आता मुलाने अमेरिकेतून एक काळा चार्जर पाठवला आहे, त्याच्या पिना चपट्या आहेत. यांपैकी मी काय वापरावे? २ अँपिअरने यंत्र जळेल का? आणि रात्रभर लावून ठेवले तर चालेल का?’

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून सर्वांत आधी सांगावेसे वाटले ते हे, की राउटरच्या अडॅप्टरची पिन बदलून घेण्याचा विचार आपण पूर्णपणे सोडून द्यावा, आणि तसा अडॅप्टर तयार करून घेतला असेल तर तो घरातल्या कोणाच्याही हाताला लागणार नाही अशा ठिकाणी आजच ठेवावा. गाडीत १२ व्होल्ट असतात हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे, पण ते १२ व्होल्ट आपल्या नेव्हिगेटरपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. लायटरच्या सॉकेटात आपण जो जाडसर काळा खुंटा बसवता, त्याच्या पोटात एक छोटे सर्किट असते, आणि ते गाडीचे १२ व्होल्ट उतरवून ५ व्होल्ट करते. वायरीतून पुढे जातात ते हे ५ व्होल्ट. आपल्या वायरीचा खुंटा उजेडात धरून त्याच्यावरचा बारीक मजकूर भिंगाने वाचावा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे ५ हा आकडा आणि त्याला लागून व्ही हे अक्षर दिसेल. हा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला, की १२ व्होल्टचा मुद्दा तिथेच संपतो.

मी हे इतक्या आग्रहाने का लिहितो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने नेमके असेच केले होते. त्याच्याकडे निराळ्या बनावटीचा नेव्हिगेटर होता. त्याने सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घेतला, जुन्या मिनी यूएसबी वायरीचे दुसरे टोक कापून लाल तार लालला आणि काळी तार काळ्याला जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि बटण दाबले. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. पडदा क्षणभर उजळला, मग काळा झाला, आणि फोडणीत मोहरीआधी काहीतरी करपावे तसा वास आला. यंत्र उघडले तेव्हा आत हरभऱ्याच्या डाळीएवढा एक काळा चिपचा तुकडा मधोमध फुगून तडकलेला होता. तारांचे रंग त्याने अचूक जुळवले होते, जोडही पक्का होता. चुकला होता तो एकच आकडा. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त होता, त्यामुळे त्यात साठवलेली कोकणातली सगळी ठिकाणे यंत्राबरोबरच गेली.

आता आपल्या २ अँपिअरच्या शंकेकडे वळतो, कारण ही शंका अनेकांना असते आणि तिच्यामुळे पुष्कळ लोक चांगला चार्जर बाजूला ठेवून वाईट चार्जर वापरतात. व्होल्ट म्हणजे विद्युतदाब, आणि तो यंत्राला हवा तेवढाच, म्हणजे इथे ५ व्होल्टच, द्यावा लागतो. अँपिअर म्हणजे प्रवाह. चार्जरवर लिहिलेला अँपिअरचा आकडा हा तो चार्जर जास्तीत जास्त किती प्रवाह देऊ शकतो एवढेच सांगतो; प्रत्यक्षात किती घ्यायचा हे यंत्र ठरवते. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असली म्हणून तांब्याभर पाणी घेणाऱ्याच्या तांब्यात हजार लिटर शिरत नाही. मात्र ती टाकी चौथ्या मजल्याऐवजी दहाव्या मजल्यावर नेली, तर नळाला येणारा दाब वाढतो आणि जुना नळ फुटू शकतो. म्हणून ५ व्होल्ट आणि २ अँपिअर असे लिहिलेला चार्जर आपल्या नेव्हिगेटरला पूर्णपणे सुरक्षित आहे. उलट भीती कमी अँपिअरची बाळगावी. नुव्हीसारख्या यंत्राला पडदा चालू ठेवून, नकाशा दाखवत, त्याच वेळी बॅटरीही भरायची तर साधारण १ अँपिअर लागतो. त्याला अर्ध्या अँपिअरचा जुना चार्जर लावला, तर तो चार्जर तापतो, यंत्र भुकेले राहते आणि लावलेले असूनही बॅटरी उतरत जाते.

मग मोबाईलचा चार्जर योग्य असूनही नकाशा का नाहीसा झाला? आपल्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच, कारण आपण यंत्राची वागणूक नीट पाहून लिहिली आहे आणि खरे उत्तर तिच्यातच आहे.

मिनी यूएसबीच्या टोकात डोकावून पाहिले तर पाच बारीक संपर्कपट्ट्या दिसतात. पहिली ५ व्होल्टची, पाचवी जमिनीची म्हणजे ऋण बाजूची, दुसरी आणि तिसरी माहितीची देवाणघेवाण करणारी. उरते ती चौथी. तिला ओळखीची पिन म्हणतात, आणि बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या वायरीत ती कशालाच जोडलेली नसते. नेहमीची यूएसबी वायर सोलली तर आत लाल, काळी, पांढरी आणि हिरवी अशा चारच तारा निघतात. या चौथ्या पिनेकडे जाणारी तार तिच्यात नसतेच. गार्मिनच्या गाडीच्या वायरीत मात्र या चौथ्या पिनेपासून ऋण बाजूपर्यंत एक छोटा रेझिस्टर, म्हणजे रोध, बसवलेला असतो. वायर लावताच यंत्र आधी ही पिन तपासते. तिथे ठरावीक रोध सापडला, की आपण गाडीत आहोत आणि हा वीज देणारा चार्जर आहे असे समजून ते नकाशा चालू ठेवते. पिन मोकळी सापडली, तर पलीकडे संगणक असावा असे धरून ते पेन ड्राइव्हसारखे वागू लागते आणि पडद्यावर संगणकाचे चित्र आणते. भिंतीतला मोबाईल चार्जर बिचारा संगणक नाही, पण ते यंत्राला कळावे कसे? २०१० साली यूएसबीच्या चार्जिंगसंबंधी जे सुधारित नियम आले, त्यांत चार्जरने माहितीच्या दोन्ही तारा आपल्या बाजूला एकमेकींना जोडून ठेवाव्यात म्हणजे यंत्राला तो ओळखता येईल, अशी सोय केलेली आहे. परंतु त्या सुमाराचे प्रत्येक यंत्र ही खूण वाचतेच असे नाही, आणि प्रत्येक स्वस्त चार्जर ती खूण ठेवतोच असेही नाही. म्हणून एकाच चार्जरवर शेजाऱ्यांचा नुव्ही व्यवस्थित चालतो आणि आपला चालत नाही, असे घडू शकते. यात आपले यंत्र बिघडलेले नाही आणि चार्जरही नाही. त्या दोघांची ओळख पटलेली नाही, एवढेच.

संगणकाचे चित्र दिसत असतानाही बॅटरी भरत असते, कारण संगणकाला जोडून बॅटरी भरणे ही या यंत्राची नेहमीची सोय आहे. फक्त ती संथपणे भरते. जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून अर्धा अँपिअरच मिळतो, आणि पलीकडे संगणक आहे असे समजलेले यंत्र त्याहून अधिक ओढायला धजत नाही. तेव्हा केवळ बॅटरी भरण्यापुरता प्रश्न असता, तर आपल्याकडे आहे तोच मोबाईल चार्जर आणि तीच वायर यांवर यंत्र बंद करून तीन-चार तास ठेवा, असे सांगून मी हे उत्तर संपवले असते. पण आपल्याला रात्री टेबलाशी बसून, पडदा चालू ठेवून रस्ता आखायचा आहे, आणि त्यासाठी यंत्राला चौथ्या पिनेवरची ती खूण मिळालीच पाहिजे.

ती खूण आपल्या घरात आधीपासूनच आहे: गाडीच्या वायरीत. म्हणून माझा आपल्याला पहिला सल्ला असा, की नवा चार्जर शोधत बसण्यापेक्षा गाडीचा सॉकेटच घरात आणावा. भिंतीत लावायचा, २३० व्होल्ट घेऊन १२ व्होल्ट देणारा आणि पुढच्या टोकाला लायटरसारखा गोल सॉकेट असलेला अडॅप्टर बाजारात मिळतो. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘घरी लावायचा लायटर सॉकेट अडॅप्टर’ असे म्हटले तर समजते. गाडीत हवा भरायचे छोटे पंप घरी चालवण्यासाठी लोक तो नेतात. त्यात आपली मूळ वायर जशीच्या तशी बसवायची. इथे १२ व्होल्ट चालतात, कारण ते यंत्रात न जाता आपल्या वायरीच्या खुंट्यात जातात आणि तिथून पुढे ५ होऊनच निघतात. राउटरच्या अडॅप्टरमध्ये आणि यात फरक आहे तो एवढाच, पण यंत्राचे जगणे-मरणे त्याच्यावर ठरते. किती अँपिअरचा घ्यावा, याचे गणित सोपे आहे. ५ व्होल्ट गुणिले १ अँपिअर म्हणजे ५ वॉट. रूपांतरात थोडी वीज वाया जाते म्हणून ६ वॉट धरू. १२ व्होल्टवर ६ वॉट म्हणजे अर्धा अँपिअर. त्यामुळे १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो, आणि २ अँपिअरचा घेतला तर तो तापणारही नाही. पंपासाठी विकला जाणारा ५ किंवा १० अँपिअरचा अवजड अडॅप्टर घेण्याची गरज नाही. तो अपाय करणार नाही, पण पैसे आणि टेबलावरची जागा विनाकारण जाईल.

ही वाट मला का आवडते, तेही सांगतो. एक तर आपल्या यंत्राला जी वायर सरावाची आहे तीच राहते, म्हणून जुळेल की नाही ही धाकधूक उरत नाही. दुसरे, उद्या हे यंत्र गेले आणि दुसरे आले, तरी त्याची गाडीची वायर याच सॉकेटात बसेल. आपल्या वायरीच्या मध्ये एखादी फुगीर डबी असेल तर बावरू नये. अमेरिकेत विकलेल्या पुष्कळ मॉडेलांच्या वायरीत तिथल्या वाहतुकीच्या सूचना पकडणारा रिसीव्हर असतो; चिपळुणात त्याला पकडायला काही नाही, पण वीज तो नेहमीसारखी पुढे पाठवतो. आणि वायर अचानक मेल्यासारखी वाटली तर टाकून देऊ नये. खुंट्याच्या अगदी टोकाशी जी गोल टोपी असते ती पिळून उघडली की आत काचेच्या नळीचा छोटा फ्यूज निघतो. त्याची तार तुटलेली दिसली तर त्याच मापाचा आणि त्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणे हा आपल्याकडे सर्रास होणारा आणि अतिशय घातक प्रकार आहे.

दुसरी वाट म्हणजे त्या यंत्रासाठीच बनवलेला मिनी यूएसबीचा भिंतीचा चार्जर, ज्याची वायर अखंड असते आणि ज्याच्या टोकात ओळखीची खूण बसवलेली असते. मुलाने पाठवलेला काळा चार्जर बहुधा हाच असावा. पण तो लावण्यापूर्वी त्याच्या पाठीवरचा मजकूर वाचणे अत्यावश्यक आहे, कारण अमेरिकेत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची वीज असते, तर आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ‘इनपुट’ या शब्दापुढे १००–२४० आणि ५०/६० असे लिहिलेले असेल, तर तो चार्जर दोन्ही देशांत चालतो. त्याच्या चपट्या पिना आपल्या गोल भोकांत बसवण्यासाठी बाजारात स्वस्तात मिळणारा पिन बदलणारा तुकडा लावला की झाले. परंतु तिथे नुसते १२० लिहिलेले असेल, तर तो चार्जर चिपळूणच्या भिंतीत कधीही लावू नये. पिन बदलणारा तुकडा फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. हे लक्षात न आल्यामुळे परदेशातून आलेली कितीतरी उपकरणे आपल्याकडे पहिल्याच दिवशी धूर सोडतात. हातात घेऊन वजनाचाही अंदाज येतो. आकाराच्या मानाने जड, आत लोखंडी गाभा असल्यासारखा लागणारा अडॅप्टर जुन्या ट्रान्सफॉर्मर पद्धतीचा असतो आणि तो बहुधा एकाच व्होल्टेजसाठी बनवलेला असतो. हलका असेल तर तो नव्या पद्धतीचा असण्याची शक्यता अधिक. तरीही वजनावर विसंबू नये, लिहिलेलेच प्रमाण मानावे. अक्षरे पुसट झाली असतील तर मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा, किंवा मजकुरावर थोडी पांढरी पावडर चोळून पुसावी, म्हणजे खोलगट अक्षरांत ती साठते आणि आकडे उठून दिसतात.

‘आउटपुट’च्या ओळीत ५ व्होल्टच्या पुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा दिसतील, ती एकदिश विजेची खूण आहे आणि ती असायलाच हवी. एकात एक असे दोन चौकोन म्हणजे दुहेरी विद्युतरोधन, तिसऱ्या अर्थिंगच्या पिनेशिवाय सुरक्षित असण्याची खूण. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह, बहुतेक ठिकाणी आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक, आणि आर अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोचे बीआयएस केअर हे अॅप मोबाईलवर घेऊन त्यात हा क्रमांक टाकला, की तो कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानात उभे राहून हे पाहायला दोन मिनिटे लागतात. दुकानदार घाई करू लागला तरी आपण ती दोन मिनिटे अवश्य घ्यावीत, कारण ज्या अडॅप्टरमध्ये २३० व्होल्ट आणि आपल्या हातातली वायर यांच्यामध्ये नीट अंतर राखलेले नसते, तो यंत्रालाच नव्हे तर यंत्र हाताळणाऱ्यालाही धोकादायक असतो.

वायरीबद्दल दुकानात कोणी फारसे बोलत नाही, पण माझ्या अनुभवात चार्जरइतकीच वायरही गोंधळ घालते. समजा आपण २ मीटर लांबीची स्वस्त मिनी यूएसबी वायर घेतली आणि तिच्या वीज वाहून नेणाऱ्या तारा २८ गेजच्या, म्हणजे अगदी बारीक आहेत. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. जायची आणि यायची अशा दोन तारा मिळून ४ मीटर होतात, म्हणजे ०.८४ ओहम. त्यातून १ अँपिअर नेला तर वाटेतच ०.८४ व्होल्ट खर्ची पडतात आणि यंत्राच्या तोंडाशी ५ ऐवजी जेमतेम ४.१६ व्होल्ट पोहोचतात. लिथियम बॅटरी पूर्ण भरायला तिच्या टोकांशी ४.२ व्होल्ट लागतात, तेव्हा ती भरणार कशी? चार्जर चांगला, यंत्र चांगले, तरी बॅटरीचे चिन्ह हलत नाही, अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांना मी आधी वायर बदलायला सांगतो. तीच वायर अधिक जाड, म्हणजे २४ गेजची असेल तर घट ०.३४ व्होल्टच्या आसपास राहते आणि काम होते. गेज कोणी लिहिलेले नसेल तर आखूड वायर घ्यावी. १ मीटरपेक्षा लांब वायरीची आपल्या टेबलावर गरजही नाही. लांबी हवीच असेल तर ती भिंतीच्या बाजूने, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डाने वाढवावी.

खरेदीला जाताना नेव्हिगेटर आणि गाडीची वायर दोन्ही पिशवीत घालून न्यावीत. बॅटरी मुद्दाम अर्धी उतरवून न्यावी, कारण भरलेल्या बॅटरीवर कुठलाही चार्जर चालतो असेच वाटते. दुकानात अडॅप्टर लावल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: नकाशा टिकून राहतो का, बॅटरीच्या चिन्हावर विजेची खूण येते का, आणि दहा मिनिटांनी अडॅप्टरला हात लावल्यावर तो कोमट लागतो की चटका देतो. कोमट असणे स्वाभाविक आहे. चटका बसला तर तो परत करावा. चिपळुणात मल्टिमीटर असलेला दुरुस्ती करणारा मिळाला, तर गोल सॉकेटच्या मधल्या बिंदूवर धन आणि कडेच्या पत्र्यावर ऋण येते ना, आणि १२ च्या आसपासच व्होल्ट आहेत ना, एवढे त्याच्याकडून तपासून घ्यावे.

याच संदर्भात आणखी काही वाचकांनी आपापल्या यंत्रांविषयी विचारले होते, त्यांना थोडक्यात सांगतो. ज्यांच्याकडे ट्रेकिंगचा हातात धरायचा गार्मिन ईट्रेक्स १०, २० किंवा ३० आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्याला यूएसबी वायर लावली तर यंत्र त्या विजेवर चालते, पण आतल्या दोन पेन्सिल सेल भरत नाहीत. पुन्हा भरता येणाऱ्या निकेल सेल वापरत असाल तर त्या काढून वेगळ्या चार्जरमध्येच भराव्या लागतात. मायक्रो यूएसबीची खाच असलेल्या यंत्रांना चांगला ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर बहुधा चालतो. टाइप सी असलेल्या नव्या यंत्रांचे काम त्याहून सोपे आहे, कारण जलद चार्जरसुद्धा सुरुवात ५ व्होल्टनेच करतो आणि यंत्राने मागितल्याशिवाय ९ किंवा १५ व्होल्टवर जात नाही. युरोपीय संघाने २०२२ साली केलेला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेला एकाच चार्जरचा कायदा आपण मोबाईलपुरता समजतो, पण त्याच्या यादीत ई-रीडर आणि इअरबडच्या बरोबरीने हातातल्या नेव्हिगेटरचेही नाव आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आपल्या टेबलावरचा जुना नुव्ही त्या नियमाच्या फार आधी जन्मला. ज्यांच्या यंत्राला यूएसबीऐवजी गोल बारीक पिन आहे, त्यांनी व्होल्टबरोबरच पिनेच्या आतला भाग धन आहे की ऋण हे यंत्रावरच्या गोल चिन्हावरून पाहावे, आणि ते चिन्ह दिसत नसेल तर अंदाजाने काहीही लावू नये.

आता आपला शेवटचा प्रश्न, रात्रभर लावून ठेवण्याचा. बॅटरी भरली की चार्जिंग थांबवणारे सर्किट यंत्रातच असते, त्यामुळे एखाद्या रात्री विसर पडला तर काही बिघडत नाही. पण आपली बॅटरी अर्धा तासही टिकत नाही म्हणजे ती म्हातारी झाली आहे, आणि हे मला आपल्यापासून लपवायचे नाही: कितीही चांगला चार्जर आणला तरी गेलेली ताकद परत येणार नाही. चार्जर लावलेला असेपर्यंत यंत्र खुशाल चालेल, काढला की पुन्हा अर्ध्या तासाची मुदत. घाटात यंत्र गाडीच्या सॉकेटावर आणि घरी या नव्या सॉकेटावर चालणार असल्याने आपले काम अडणार नाही. बॅटरी बदलायची असेल, तर नुव्हीच्या पुष्कळ मॉडेलांत पाठीचे चांदणीच्या आकाराचे छोटे स्क्रू काढून ती बदलता येते, आणि मोबाईल दुरुस्त करणारा कोणीही हाताला स्थिर असलेला माणूस ते करू शकतो. जुन्या बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक लिहून घेऊन तीच मागवावी.

तोपर्यंत बॅटरी भरताना यंत्र उघड्या टेबलावर ठेवावे, उशीवर किंवा कपड्यांच्या घडीवर नाही. त्याची चार्जिंगची तापमानमर्यादा ० ते ४५ अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ती सहज ओलांडली जाते, म्हणून गाडीतून उतरताना यंत्र सोबत आणावे आणि ते निवल्यावरच चार्जर लावावा. पडद्याची काच एका कडेने उचलल्यासारखी दिसली किंवा पाठीचा भाग फुगीर लागला, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे, चार्जर तत्काळ काढावा, आणि बॅटरी बदलेपर्यंत कुठलाच चार्जर, अगदी मी सुचवलेलासुद्धा, त्या यंत्राला लावू नये.